पडद्यावरची उण्याची रेघ

पडद्यावर आकड्याच्या डाव्या अंगाला एक रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी. उण्याची. अंडी उबवायची पेटी सुरू होऊन किती सेकंद झाले, ते सांगणारा हा आकडा. तो उणे असायचं काहीच कारण नव्हतं.

या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात दोघी जावा प्रोग्राम लिहायच्या; त्यातल्या थोरलीने ती रेघ सोमवारीच पाहिली होती. कारणही तिथल्या तिथे कळलं होतं. तरी ती गप्प बसली.

जुन्या पेट्यांच्या कंपायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, ठरावीक मापाचे पूर्णांक ठाऊकच नव्हते. साधा पूर्णांक कुठे दोन बाइट जागेत मावेल एवढा, कुठे चार. म्हणून फार पूर्वी थोरलीने एक फाईल लिहिली होती. कोणत्या कंपायलरवर कोणतं माप कशाने भरायचं, ते त्यात होतं. कारखान्यात सगळे तिला 'मोठ्या बाईंची फाईल' म्हणत. मग धाकटी जाऊ कामाला लागली, थोरलीनेच शब्द टाकल्यामुळे. नव्या कंपायलरमध्ये ही मापं आयती मिळतात म्हणून तिने ती फाईल काढून टाकली आणि जुन्यासाठी आपली एक छोटीशी लिहिली. त्यात चार बाइटच्या जागी साधा पूर्णांक घातला. जुन्या पेटीत तो दोनच बाइटचा. नऊएक तासांत तो भरायचा आणि आकडा उण्यात जायचा.

कौतुक मात्र धाकटीचं. घरी जेवताना सासरे म्हणाले, धाकटीने म्हणे कारखान्यातला सगळा पसारा आवरला. थोरली ताट उचलून उठली. तो पसारा म्हणजे तिचीच फाईल होती. प्रोग्रामांचा विभाग धाकटीकडे द्यायचा का, असं कारखान्याच्या साहेबांनी थोरलीला विचारून महिने झाले होते. 'बघू' म्हणत ती वेळ मारून नेत होती. आता तर काही करायचीही गरज नव्हती. पेट्या गिऱ्हाइकांकडे जातील, धाकटी तोंडघशी पडेल, आणि ते सासऱ्यांच्याही कानावर जाईल.

शुक्रवारी दुपारी थोरली आली, तर धाकटी त्याच पेटीसमोर बसलेली.

"जाऊबाई, बघा ना. या हिशोबाने पिल्लू परत अंड्यात जाईल."

थोरली हसली नाही.

"तुम्हाला हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. सोमवारी."

धाकटी खुर्चीतून तिच्याकडे वळली. "इतकी खुपते मी तुम्हाला?"

धाकटीने पडदा थोरलीकडे वळवला. थोरलीची जुनी फाईल तिने होती तशी परत आणली होती. खाली फक्त एक ओळ वाढवली होती: माप चार बाइट नसेल, तर आकड्यांची उणे लांबीची, म्हणजे शून्याहूनही कमी घरांची, रांग मागायची. अशी रांग कुठलाच कंपायलर देत नाही. तो तिथेच अडून बसतो, प्रोग्राम तयारच होत नाही.

थोरलीने ती ओळ पुन्हा वाचली. इतकी वर्षं तिच्या फाईलमधली मापं बरोबर आहेत ना, हे कुणीतरी आठवणीने तपासावं लागे; ती माणसांच्या आठवणीवर तगून होती. ही ओळ आपल्याला का सुचली नाही, म्हणून ती पुन्हा जळफळली. पण ओळीत खोट काढता येईना.

तेवढ्यात साहेब दारात आले. पेट्या गाडीत चढवायच्या ना, त्यांनी विचारलं. धाकटी तोंड उघडणार, तोच थोरली बोलली.

"आज नाही. मोजणी चुकतेय, आणि मला ते सोमवारपासून माहीत होतं." तिने धाकटीकडे बोट केलं. "आणि साहेब, तुम्ही मागे विचारलं होतंत ना? विभाग हिच्याकडे द्या."