पश्चिमेचा पुरुष

वालावलच्या मथुराबाईंच्या जमिनीत काजूची कलमं लावताना ताम्रपट सापडला, २००३ साली. आठशे वर्षांपूर्वीचं दानपत्र. दान दिलेल्या जमिनीच्या सीमा त्यात कोरल्या होत्या. पूर्वेला खाडी, उत्तरेला ओहोळ, दक्षिणेला डोंगर. पश्चिमेला फक्त एक शब्द: पुरुष.

या शब्दावरून दोन अभ्यासकांचा दीड वर्ष वाद चालला. कुडाळचे निवृत्त शिक्षक गुरुप्रसाद सामंत म्हणत, हे माणसाच्या उंचीचं माप आहे. ‘दोन पुरुष पाणी’ म्हणतो तसं. पश्चिमेला पुरुषभर खोल चर असणार. कोल्हापूरच्या अपेक्षाला हे पटत नव्हतं. तिने लिहिलं, बाकी सीमांना मापं नाहीत. तिथे माणूसच अभिप्रेत आहे, बहुधा पुरलेला.

शेवटी दोघं मिळून जागा बघायला गेले. भर दुपार होती. पश्चिमेकडे कातळाच्या कडेला चर नव्हता. एका सपाट दगडापाशी नारळ आणि भात ठेवलेला होता. सामंत सर टेप घेऊन त्या दगडावर चढले.

“सर, थंय उभे रवू नकात,” मथुराबाई म्हणाल्या. “ती राखणदाराची जागा. दुसरो कोण उभो रवलो, की राखणदार बसता.”

“बसूदे गो. दमलो असात,” सर हसून म्हणाले. मापं घेत ते तासभर तिथेच उभे होते. उतरताना अपेक्षाला त्यांचा हात धरावा लागला. पाय जड झालेत म्हणाले.

त्यानंतर सरांनी तिच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. पावसाळा संपल्यावर त्यांच्या बायकोचा, प्रेमलताबाईंचा फोन आला. सर रोज सकाळी पहिल्या एसटीने वालावलला जायचे, तिन्हीसांजेला परतायचे; आता चार दिवस परतलेच नाहीत. विचारलं तर म्हणायचे, माप चुकलंय.

अपेक्षा गेली. दगडावर सर उभे होते. रापले होते, गालफडं बसली होती. दगडापाशी आता नारळ नव्हता, भात नव्हता.

“ठेवत नाही?” तिने मथुराबाईंना विचारलं.

“आता कित्याक? सर आसत मा.” मथुराबाई सरांकडे न बघता बोलल्या.

अपेक्षा दगडाजवळ गेली. “सर, घरी चला. काकू वाट बघतायत.”

“येतो की,” ते शांतपणे म्हणाले. “तुझंच वाचन बरोबर होतं, अपेक्षा. माणूसच आहे. फक्त पुरलेला नाही.” त्यांनी हात पुढे केला. “जरा इथे उभी राहा. मी पाणी पिऊन येतो.”

हात बर्फासारखा गार होता. तिने तो धरला, ओढला. सर हलले नाहीत. उलट तिचंच एक पाऊल दगडावर पडलं. तेव्हा तिने हात सोडला, आणि ती मागे न बघता रस्त्यापर्यंत पळाली.

त्या वर्षी तिचा ताम्रपटावरचा लेख छापून आला. पश्चिम सीमेविषयी तिने एवढंच लिहिलं होतं, की शब्दाचा अर्थ लागत नाही आणि कोणी तो जागेवर जाऊन शोधू नये.