माझं तोंड मीच उघडणार

फळबाजारात काकांना कधी कोणी नावानं हाक मारली नाही. सगळे त्यांना तोफच म्हणायचे. लिलावाच्या ओट्यावर उभं राहून काकांनी पुकारा सुरू केला की मागच्या गल्लीत साखरझोपेत असलेली माणसंसुद्धा शिव्या देत उठून बसायची. काकू तर लग्नाच्या आधीपासून हा आवाज ऐकून होत्या, कारण त्यांच्या वडिलांचा गाळा ओट्याच्या समोरच होता. "जावयाचा आवाज बघून पोरगी दिली," असं वडील म्हणत. त्यावर काकू म्हणत, "बघायचं कशाला? दारं लावली तरी ऐकू येत होताच की!"

मग दुखणं आलं. आधी हातांतली शक्ती गेली, मग पायांतली आणि शेवटी तो आवाज गेला. शाबूत राहिलं ते डोकं आणि उजव्या हाताचा अंगठा. लेकीनं चाकाच्या खुर्चीला एक कॉम्प्युटर बसवून दिला आणि अंगठ्याखाली एक बटण. पडद्यावर अक्षरं सरकत जातात, हवं ते आलं की काका अंगठा दाबतात, आणि वाक्य जुळलं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचून दाखवतो. घरात त्या प्रोग्रॅमचं नाव पडलं बोलक्या. आवाज अगदीच एकसुरी, पण शब्द काकांचे आणि त्यातला तिखटपणाही काकांचाच. पहिल्या दिवशी बोलक्या म्हणाला, "चहात साखर कमी आहे." काकू तिथंच खाली बसून रडल्या आणि मग उठून साखर घेऊन आल्या.

आता बाजार समितीचा निरोप आला होता. नवे पुकारणारे नुसतेच घसा फोडतात, कुठं थांबायचं आणि कुठं रेटायचं ते कळत नाही, तेव्हा सोमवारपासून रोज सकाळी तोफेनं येऊन त्यांना शिकवावं. काकांनी होकार दिला, पण एका अटीवर, आणि ती अट समितीला नव्हती, काकूंना होती.

"तू तिथं थांबायचं नाहीस."

"का हो? मी काय तुमच्या अंगावर ओझं आहे?"

"शिकवायला चाललोय. पाळणाघरात नाही."

काकूंनी फणकारून मान वळवली खरी, पण मनातून त्या खूश होत्या. नवरा पुन्हा कामावर निघाला होता आणि त्यांचंही शिवणाचं दुकान सकाळी उघडणार होतं. कापड बेतताना त्या स्वतःशीच हसत होत्या.

घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. कॉम्प्युटर चालू केला की बोलक्यानं आपोआप उघडायचं, अशी सोय लेकीनं केली होती आणि तसा तो उघडायचाही. हल्ली मात्र पडदा उजळायचा, हवामान सांगणारी खिडकी यायची, घरात प्रिंटर नसताना प्रिंटरवालीही यायची, म्हणजे बिनबोलावलेले सगळे हजर आणि ज्याची वाट बघतोय त्याचाच पत्ता नाही. मग काकू माउस घेऊन तो हातानं उघडून द्यायच्या. तोवर काका मुके, कारण बोलक्या उघडल्याशिवाय अंगठ्याचं बटण काही कामाचं नाही. म्हणजे 'बोलक्या उघडा' एवढं सांगायलासुद्धा बोलक्याच लागायचा. त्यात बॅटरी म्हातारी, त्यामुळे कुठं जाताना कॉम्प्युटर बंद केल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"एवढं काय त्यात," काकू म्हणाल्या, "बाजार समितीच्या ऑफिसातला कारकून चालू करायचं बटण दाबणारच आहे, तोच पुढचंही उघडून देईल."

काकांचा अंगठा बराच वेळ चालला.

"बटण कोणीही दाबावं. माझं तोंड मीच उघडणार."

माणूस हट्टी होताच, पण हा हट्ट काकूंना मनापासून पटला. नवशिक्यांपुढे काकांनी मिटल्या तोंडानं बसून राहायचं आणि परक्या माणसानं येऊन ते उघडायचं, हे चित्र त्यांनाच सोसवेना. शनिवारी दुपारी त्यांनी दुकान बंद ठेवलं, लेकीला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून कंबर कसली.

लेकीनं आधी एक यादी उघडायला लावली. कॉम्प्युटर चालू होताना कोणी कोणी उठायचं त्याची ती यादी. तिच्यात बोलक्या होता आणि त्याच्यापुढे 'सक्षम' असंही लिहिलं होतं. मग त्याला यादीतून काढून पुन्हा घातलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हवामान आलं, प्रिंटरवाली आली, बोलक्या नाही. प्रिंटरवालीला आणि हवामानाला हाकलून दिलं, न जाणो गर्दीत ह्याचा नंबर लागत नसेल! तरी नाही.

"हातानं उघड बघू," लेक म्हणाली. "उघडतो ना नीट?"

काकूंनी चित्रावर टिचकी मारली. पडद्यावर प्रश्न आला, या प्रोग्रॅमला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? काकूंनी सवयीनं 'हो' दाबलं आणि बोलक्या उघडला. काकांचा अंगठा लगेच कामाला लागला.

"हे रोज विचारतो?"

"रोजच. मी हो म्हणते."

"पूर्वी विचारत नव्हता."

काका पुढची अक्षरं निवडत राहिले.

"कॉम्प्युटर चालू होताना आपोआप उघडायचं तर हो कोण म्हणणार?"

फोनमधून लेक ओरडलीच. "बरोब्बर, बाबा! तो परवानगी मागतोय. आणि चालू होताना परवानगी मागणाऱ्याला कॉम्प्युटर गुपचूप दारातून परत पाठवतो. आई, तू त्याला प्रशासक केलंस का गं?"

काकूंचा चेहरा पडला. मध्यंतरी बोलक्या वाक्याच्या मधोमध अडकला होता. तो दुरुस्त करायला त्या त्याच्या 'गुणधर्म' नावाच्या खिडकीत शिरल्या होत्या आणि तिथं एक चौकट दिसली होती, 'हा प्रोग्रॅम प्रशासक म्हणून चालवा'. त्यांनी तिच्यात खूण केली होती, आणि बोलक्या अडकायचाही थांबला होता, निदान त्यांना तसं वाटलं होतं.

"केलं," त्या म्हणाल्या. "का नाही करणार? जन्मभर ओट्यावर उभा राहिलेला माणूस. सगळा बाजार त्यांच्या तोंडाकडे बघायचा. त्यांचा प्रोग्रॅम काय ऐऱ्यागैऱ्यासारखा चालवायचा?"

मग अंगठा एकाच अक्षरावर पुन्हापुन्हा पडू लागला आणि बोलक्या आपल्या कोरड्या आवाजात म्हणाला, "ह ह ह ह ह."

काकूही हसू लागल्या. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "चिडला नाहीत ना?"

"बढती दिलीस. म्हणून कामावर येईनासा झाला."

लेकीनं सांगितलं तसं काकूंनी चौकटीतली खूण काढली. काढताना त्यांना जरा वाईट वाटलं, उगाच कशाला खोटं बोला. मग कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा चालू केला. पडदा उजळला. काकू माउसपासून लांब, हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. आणि कोणाला काही न विचारता बोलक्या उघडला.

"एक वार," बोलक्या म्हणाला.

काकूंना समजलं, ही तर लिलाव पक्का करायची मोजणी. त्यांनी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला.

"दोन वार."

तिसऱ्यांदाही तो आला, आणि मगच काकांनी सौदा पक्का झाल्याचं मान्य केलं.

सोमवारी बाजाराच्या ऑफिसात कारकुनानं चालू करायचं बटण दाबलं आणि काकूंनी ठरल्याप्रमाणे दार बाहेरून ओढून घेतलं. दुकानात जायचं होतं, पण पाय निघेना. त्या रिकाम्या खोक्यांच्या थप्पीशी उभ्या राहिल्या. आतून नव्या पुकारणाऱ्यांची कुजबुज ऐकू येत होती, मध्येच कोणीतरी फिदीफिदी हसलं. पडदा एव्हाना उजळला असेल. हात दाराच्या कडीकडे गेला तो त्यांनी मागे घेतला.

"मागचे दोघं," आतून तो एकसुरी आवाज आला, "तोंड बंद. ओट्यावर एका वेळी एकच आवाज असतो."

आत एकदम शांतता झाली. खुर्च्या सरकल्या. माणसं सावरून बसल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

डोक्यावर पेटी घेतलेला एक हमाल काकूंपाशी थबकला. "आत कोण बोलतंय हो? मशिन दिसतंय."

"मशिन कसलं?" काकूंनी ताठ मानेनं त्याच्याकडे पाहिलं. "आमचे हे बोलतायत."