घर क्रमांक चार-दोन

त्या गुरुवारीही आमच्या पाणीकचेरीत गर्दी होती, आणि नेहमीप्रमाणे ती खालच्या वस्तीचीच होती. पावसाचे पाणी साठवायच्या टाक्या यादीप्रमाणे वाटायला आल्या होत्या. यादीत घर नसले की कारकून लितियाना सांगे, "अर्ज भरताना तुमचंच काहीतरी चुकलं असेल." तिच्या आधीचा कारकूनही हेच सांगायचा. वस्तीतली माणसे ते खरे मानून खाली मान घालून परत जात.

विधवा माकेलेसी आज तिसऱ्यांदा येणार होती. तिच्या विहिरीत समुद्राचे पाणी शिरले होते आणि तेच पिऊन सासू अंथरुणाला खिळली होती.

त्या सकाळी लितियानाने सहज मूळ फाइल उघडून पाहिली. माकेलेसीचे घर चौथ्या गल्लीतले दुसरे, म्हणून ४-२. कचेरीच्या तक्त्यात मात्र त्या जागी ४ फेब्रुवारी होते. फाइल घाईने थेट उघडली की संगणक अंदाजाने असल्या आकड्यांच्या तारखा करून टाकतो. नकाशाशी मेळ बसेना, म्हणून तिनेच अशी घरे 'सापडत नाही' म्हणून गाळली होती. वरच्या गावातल्या घरांना नावे आहेत. त्यांच्या नावाला धक्काही लागला नव्हता. तिने तक्त्यातच दुरुस्ती करून पाहिली, तर तारखेच्या जागी भलताच पाच आकडी आकडा आला. शेवटी मूळ फाइल नव्याने आत घेतली आणि घराचा रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून दिला. गाळलेली एकेचाळीस घरे जशीच्या तशी परत आली. लितियानाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिने हे सांगितल्यावर वरिष्ठ आपेनिसा म्हणाले, "बोभाटा करू नकोस. पुढच्या वर्षीच्या यादीत घालू."

तेवढ्यात माकेलेसी आली. जमिनीवर मांडी घालून तिने यांगोनाची, मानाचे पेय करायची मुळी पुढे ठेवली. आमच्याकडे माफी अशीच मागतात. समोरच्याने मुळी उचलली की विषय मिटला.

"बाई, माझंच लिहिताना चुकलं असेल. राग धरू नका."

आपेनिसांनी डोळ्यांनीच खुणावले, घे. लितियाना खुर्चीवरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"ताई, ही मी घेणार नाही. तुमचा अर्ज बरोबर होता. चूक माझी आहे. एकेचाळीस घरं माझ्यामुळे गळली."

आपेनिसा खिडकीबाहेर पाहू लागले.

संध्याकाळी लितियाना स्वतः मुळी घेऊन वस्तीत गेली आणि माकेलेसीच्या चटईपुढे ठेवून माफी मागितली. आत सासू कण्हत होती. माकेलेसीने मुळीला हात लावला नाही.

"मी तीनदा आले," ती म्हणाली. "एकदा तरी फाइल उघडून बघायची होती. आधी एकेचाळीस घरांत टाक्या येऊ देत. मग बघू."

लितियाना मुळी उचलून परत निघाली. चूक आपली असताना दुसऱ्याची माफी आपण किती वेळा मुकाट्याने घेतली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.