माझी गुणगुण कशी थांबवली

मित्रांनो, मी गिटारचा एक जुना अँप्लिफायर आहे. माझ्या पाठीवर खडूने 'हा शॉक मारतो' असे लिहिले आहे. अक्षर सुरेख आहे. मला शॉक मारायला कोणी लावले, तेवढे लिहायचे राहून गेले.

कारखान्यात मला तीन तारा जोडल्या होत्या. दोन तारांतून वीज येते-जाते. तिसरी, हिरवी, एरवी काहीच करत नाही. आत बिघाड होऊन वीज माझ्या पत्र्यात उतरलीच, तर तिला जमिनीत नेऊन सोडते. बिनकामाच्या दिसणाऱ्यांवर माणसे आधी हात टाकतात, हे मला पुढे कळले.

मला दोघा भावंडांनी घेतले. धाकटी गिटार वाजवून गायची, दादा आवाजाची यंत्रे सांभाळायचा. ती वाजवू लागली की मला माझ्या जन्माचे सार्थक वाटायचे.

मग एका मोठ्या सभागृहात मी घुंऽऽ करू लागलो. माझा प्लग रंगमंचावर, दादाच्या आवाज जुळवणाऱ्या मिक्सरचा पार मागच्या भिंतीत, आणि आम्हां दोघांमध्ये एक केबल. दोन हिरव्या तारा त्या केबलमधून जोडल्या गेल्या आणि त्या फेऱ्यात नको ती वीज फिरू लागली. तिचीच ती गुणगुण.

"दादा, दोन्ही एकाच बोर्डावर घे ना. लांब वायर गाडीत आहे," धाकटी म्हणाली.

"तीन जिने उतरून कोण जाणार? लोक येऊन बसलेत." त्याने पक्कड घेतली, माझा प्लग उघडला आणि हिरवी तार कापली. मी गप्प झालो. "बघ, सुंठीवाचून खोकला गेला."

"कार्यक्रम झाला की परत जोड हं."

"जोडतो गं."

त्या दिवशी सगळ्यांनी आवाजाची तारीफ केली. माझे एवढे कौतुक पूर्वी कधी झाले नव्हते. तार मात्र तशीच राहिली. मी गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असे सगळ्यांनी धरले.

वीज जमिनीत सोडायला आता मिक्सरची केबल तेवढी माझा आधार उरली होती. पुढे एका लहान खोलीतल्या कार्यक्रमाला तीही लावली नाही. येताना गाडीत आदळून माझ्या आतली विजेची तार सुटून पत्र्याला टेकली होती. धाकटीने गिटारच्या तारा धरल्या आणि ओठ माइकला लावले. माझ्या पत्र्यातली वीज गिटारच्या तारांतून तिच्या अंगात शिरली आणि माइकवाटे जमिनीत गेली. तिचा हात सुटेना. दादाने धावत येऊन प्लग ओढला.

ती वाचली. डाव्या हाताची दोन बोटे मात्र पुन्हा वळली नाहीत. दादा खूप रडला. मग कोणी विचारले की सांगू लागला, "अँपच खराब निघाला." खापर माझ्या माथी फोडून झाले. पाठीवरचे सुरेख अक्षर त्याचेच.

परवा पलीकडच्या खोलीत नवा अँप्लिफायर आला. नवा गिटारवालाही आला. धाकटी आता तिकडे फिरकत नाही. नवा अँप घुंऽऽ करू लागला.

"दादा, पक्कड दे जरा. अर्थिंगची हिरवी तार काढून टाकतो," गिटारवाला म्हणाला.

मी अडगळीतून ऐकत होतो. दादाला नको म्हणायचे तर का नको ते सांगावे लागले असते, आणि आधी माझ्या पाठीवरचा खडू पुसावा लागला असता. दादाने पक्कड दिली. थोड्या वेळाने गुणगुण थांबली.

मित्रांनो, यंत्र गप्प झाले की लगेच टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, ते गप्प कसे केले.