तासाभराची लोळण

आई गेल्यावर मी दुःखात अशी काही लोळले, की आता लाज वाटते. अंथरूण सोडायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, कोणी दारात दिसलं की गळा काढायचा. प्राणिसंग्रहालयातल्या कामातला माझा जोडीदार तेवढा रोज संध्याकाळी न चुकता यायचा. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायची.

“रड, पोटभर रड,” तो म्हणायचा. “कामाची घाई करू नकोस. म्हातारीकडे मी बघतो.”

म्हातारी म्हणजे आमची गेंडीण. नऊ वर्षं तिचं सगळं मीच केलं होतं. माझं मन रमावं म्हणून दादा तिच्याबद्दल विचारायचा आणि मी बावळट, नाक पुसत सांगत सुटायची. डबक्यात माती कुठली घालायची, पाणी किती, कोणत्या शिट्टीला ती उठते. चिखलात तासभरच लोळू द्यायचं, हेही सांगितलं. जास्त पडून राहिली तर या वयात तिचे पाय आखडतात.

एकदा त्याने रजेचा अर्ज आणला. डोळ्यांत पाणी, वाचतंय कोण? दिली सही ठोकून.

तीन महिन्यांनी कामावर गेले, तर साहेब म्हणाले, “तुम्हीच लिहून दिलंत ना, गेंड्याचं काम झेपत नाही म्हणून? तुम्हाला तिकीट खिडकी दिलीय.”

साहेबांनी पुढे केलेला कागद दादाने रजेचा म्हणून आणलेलाच होता, सही माझीच. मी तणतणत कुंपण गाठलं.

म्हातारी चिखलात पसरली होती, नुसते कान हलत होते. चिखल अगदी माझ्या हातचा वाटावा असा. मी तोंड उघडणार, तोच दादाने घड्याळ पाहिलं आणि शिट्टी मारली. माझी शिट्टी. म्हातारी धडपडत उठली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्याच्याकडे गेली. आई गेली तेव्हाही मी इतकी तुटले नव्हते.

“अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं,” मला पाहून तो चाचरला. “तुझी अवस्था बघवत नव्हती.”

“तिला तासाभराने उठवतोस, दादा,” मी म्हणाले, “आणि मला तीन महिने लोळू दिलंस?”

तो मान खाली घालून तिच्या पाठीवर पाणी मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर पहिल्याच बाईंनी विचारलं, “गेंडा कुठे आहे हो?”

“सरळ जाऊन उजवीकडे,” मी तिकीट फाडत म्हणाले. “लवकर जा. ती तासभरच लोळते.”