सोमवारची गोळी

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या क्लिनिकमधून परतताना राजेश गाडी चालवत शीळ घालत होता, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या पत्नीला, रत्नाला, ती शीळ सहन होत नव्हती. त्याच्या रक्तातला एचआयव्ही आता तपासणीत सापडतही नव्हता. तिच्या रक्तातला वाढला होता. औषधं तीच, डॉक्टर तोच. ज्याच्याकडून रोग आला तो मोकळा, आणि ती मात्र अडकलेली!

"तुझाही अनडिटेक्टेबल येईल गं. टेन्शन कशाला घेतेस, यार?"

"तुझा गेला ना? मग मला शहाणपण शिकवू नकोस."

रत्ना सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. होती. म्हणून डॉक्टरांनी औषधं समजावून सांगण्याचे कष्ट घेतले नव्हते, आणि तिनेही विचारण्याचा कमीपणा पत्करला नव्हता. विद्वत्तेचा असा परस्पर सन्मान आपल्या सुशिक्षित समाजात फार निष्ठेने पाळला जातो.

सोमवारी सकाळी ती एकटीच क्लिनिकच्या फार्मासिस्टकडे, सरलामावशींकडे, गेली. मावशी मूळच्या नागपूरच्या, बोलायला रोखठोक.

"मावशी, खरं सांगा. राजेशला जास्त पॉवरची गोळी देता ना?"

"तुला देते तीच देते. आज सकाळची घेतलीस?"

"आज उपास आहे. गोळ्या पोटभर खाल्ल्यावर घ्यायच्या असतात, म्हणून..."

"म्हणून बुडवल्यास? दर सोमवारी?"

"आणि संकष्टीला. तेवढाच शरीराला आराम."

"उपास कशासाठी गं?"

"राजेश बरा व्हावा म्हणून." तिचा आवाज चिरका झाला. "आणि देवानं त्यालाच तेवढं बरं केलं!"

"देवाला यात ओढू नकोस. राजेश सोमवारी ऑम्लेट खातो आणि गोळ्या घेतो, एवढाच त्याचा पराक्रम! आणि त्याचाही विषाणू गेलेला नाही, फक्त दबलाय. गोळ्या सोडल्या की परत उसळेल. तू आराम दिलास तो शरीराला नव्हे, विषाणूला! औषध कमी पडलं की तो त्याच औषधाला दाद द्यायचं सोडतो. मग ते औषध आपल्या हातचं जातं."

रत्नाने काउंटरची कड घट्ट धरली. "माझ्या गोळ्या गेल्या?"

"एक गेली, तुझ्या रिपोर्टात दिसतंय. डॉक्टर ती बदलणार आहेत. बाकीच्या अजून काम करतायत. पण असंच चालू ठेवलंस तर त्याही जातील."

इतके महिने ती नवऱ्याच्या नशिबावर जळत होती, आणि तो बिचारा केवळ न्याहारी करत होता! तिला हसू आले, आणि त्याच्या पाठोपाठ रडू. मावशींनी आपल्या डब्यातले पोहे पुढे सरकवले. "खा. आत्ता घेतलीस तरी चालेल."

तिने पोहे खाल्ले, पर्समधल्या गोळ्या काढून गिळल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अडाण्यासारखे विचारले, "उलटी झाली तर परत घ्यायची का, मावशी?"

वाचकहो, औषधाचे नाव पाठ असणे म्हणजे औषध कळणे नव्हे. दुसऱ्याच्या रिपोर्टचा हेवा करण्याआधी आपल्या गोळीविषयी निःसंकोच विचारा. पदवीची लाज राखण्यासाठी गप्प बसलेल्या माणसाला विषाणू सवलत देत नाही.