रामटेकच्या दिव्यात खापा

घंटी वाजली की चंद्रभानचं डोकं फिरायचं. तेव्हा नागपूरच्या ट्रंक ऑफिसात, म्हणजे गावोगावचे फोन जोडायच्या ऑफिसात, तळमजल्यावर एक कोंदट खोली होती. भिंतीला लोखंडी बोर्ड, बोर्डावर तांबड्या दिव्यांच्या रांगा आणि प्रत्येक दिव्याखाली एका गावाचं नाव. गावाची लाइन मेली की त्याचा दिवा पेटायचा आणि घंटी बोंब ठोकायची. घंटी मात्र सगळ्या गावांना मिळून एकच. चंद्रभाननं बटण दाबून ती गप्प करायची आणि त्या गावाला फोन लावायचा. तिकडून कोणी बोललं तर ठीक, नाही बोललं तर लाइनमन धाडायचा. सांगायला सोपं. पण वारा सुटला तरी घंटी वाजे, तारेवर माकडानं उडी मारली तरी वाजे, आणि कधी कधी तर काहीच कारण नसताना वाजे. दिवाही एकदा पेटला की उगाच चिकटून बसायचा. खोटं बोलणाऱ्या माणसाचं ऐकायचं की नाही हे आपण ठरवू शकतो. चंद्रभानला तर ऐकण्याचाच पगार होता.

त्यात खापा आलं. खाप्याची नवी लाइन बोर्डावर घ्यायची होती आणि बोर्ड तर गच्च भरलेला. नवा बोर्ड मागवला तो मागवलेलाच राहिला. वरचे साहेब एकदा दारातूनच बोर्ड पाहून म्हणाले, "रामटेकच्या दिव्याला जोडून टाका." रामटेक एका दिशेला, खापा दुसऱ्या दिशेला, मध्ये अख्खी कन्हान नदी, पण साहेबांच्या तोंडून निघालं म्हणजे दोन्ही गावं एका दिव्यात नांदू लागली. आता तो दिवा पेटला की दोन्हीकडे विचारायचं, असा नियम झाला.

नियम कागदावर राहिला. रामटेकचा गिरिधर पहिल्याच घंटीला फोन उचलायचा आणि "सब ठीक, भाऊ" म्हणून मोकळा व्हायचा. खाप्याला मात्र माणूस फोनवर येईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून खोलीत आपोआप एक रीत पडली. दिवा पेटला की गिरिधरला विचारायचं, तो ठीक म्हणाला की घंटी दाबायची आणि दिव्यावर बामच्या डबीचं झाकण अडकवून द्यायचं, म्हणजे डोळ्यांना त्रास नको. तिन्ही पाळ्यांतले लोक हेच करायचे. झाकण मात्र चंद्रभाननं घरून आणलेलं होतं.

आणि याच घंटीपायी चंद्रभानच्या घरात आग लागली. त्याचे सासरे धोंडबा खाप्याला मागावर लुगडी विणायचे. एका दुपारी ते लेकीला लुगडं द्यायला नागपूरला आले आणि जावयाला भेटावं म्हणून आधी ऑफिसच्या फाटकाशी उभे राहिले. चपराशानं आत वर्दी दिली. चंद्रभान घंटीशी झटत होता, म्हणाला, "थांबाले सांग, आलोच." आणि साफ विसरला. म्हातारा उन्हं कलेपर्यंत फाटकाशी उभा राहिला, मग लुगडं चपराशाजवळ ठेवून तसाच गावी परतला. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्याला नाही.

चंद्रभाननं लुगडं घरी नेऊन झाला प्रकार सांगितला, तेव्हा त्याच्या बायकोनं, सुभद्रानं, ते घडी न मोडता बाजूला ठेवलं. सकाळी पिशवी भरून निघताना ती म्हणाली, "मी बाबाकडे जाऊन राहिली. उद्या सांजच्याले तिथल्या दुकानातून तुमच्या खोलीत फोन लावीन. बाबाले दोन शब्द बोलाचे असतील तं तेव्हा बोला. नाही उचलला, तं मी समजून घेईन काय समजाचं ते."

चंद्रभानला आपली चूक कळत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फोनजवळून हलला नाही. काय बोलायचं ते त्यानं मनात दहा वेळा घोकलं. मामाजी, चुकलंच माझं. फोन आला नाही. आला तो रामटेकचा दिवा, त्याच्याबरोबर घंटी. चंद्रभाननं चिडून गिरिधरला विचारलं, गिरिधर म्हणाला सब ठीक. झाकण दिव्यावर बसलं.

तिसऱ्या दिवशीही फोन नाही. चौथ्या दिवशी चंद्रभानचा पश्चात्ताप आंबून त्याचा राग झाला. आपण एवढे बसून राहिलो आणि हिला एक फोन लावता येत नाही? बापाचा मान मोठा, नवऱ्याचा काही नाही?

वर ट्रंक बोर्डावर फोन जोडायला यमुताई होत्या, साऱ्या ऑफिसच्या मोठ्या बहीण. फाटकावरची गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि लोकांची भांडणं मिटवणं हा त्यांचा आवडता उद्योग. त्या जिना उतरून आल्या. "चंद्रभान, खापा लागून नाही राहिलं गा. पाहून घे जरा."

चंद्रभानला वाटलं, आल्या मध्यस्थीला. खाप्याचं निमित्त काढून मलाच फोन लावायला लावतात. "रामटेक ठीक आहे, ताई," तो म्हणाला. "लाइन ठीक आहे. माणसंच ठीक नाहीत."

"रामटेक नाही म्हटलं मी. खापा म्हटलं."

"एकच दिवा आहे, ताई."

यमुताई जिना चढून वर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा निरोप धाडला, त्यालाही त्यानं तेच उत्तर दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा काखेत होता, वर यमुताई बोट दाखवत होत्या, आणि हा म्हणत होता, माझ्याजवळ कळशाचं नाव काढू नका.

आठवडा झाला तेव्हा त्याच्या रागाला धीर धरवेना. आता आपणच फोन लावायचा आणि चांगलं सुनवायचं, असं ठरवून त्यानं खापा मागितलं. घंटी जाईना. पुन्हा लावलं. कानात काहीच नव्हतं, रोजची खरखरसुद्धा नाही. चंद्रभान हे काम उगाच शिकला नव्हता. मेलेल्या तारेची शांतता त्याला ओळखता येत होती. त्यानं दिव्यावरचं झाकण काढलं. खाली दिवा लालभडक जळत होता, आणि किती दिवसांपासून, ते सांगायला खोलीत कोणी नव्हतं. त्याला स्वतःची एवढी चीड आली की ते झाकण त्यानं भिंतीवर फेकून मारलं.

लाइनमन रुपरावला घेऊन तो स्वतः निघाला. खाप्याच्या अलीकडे गाडीतून उतरून खांबांच्या रांगेनं चालत गेले तेव्हा दिसलं की दोन खांबांमधली तार गायब आहे. तांब्यापायी कोणीतरी कापून नेली होती. रुपराव खांबावर चढला आणि चंद्रभान पुढे सासुरवाडीला गेला.

धोंडबा मागावर बसले होते. "जयभीम" म्हणाले, पण हात थांबवले नाहीत. चंद्रभान मागाजवळ उभाच राहिला. इतके दिवस घोकलेलं वाक्य कसंबसं बोलला, "मामाजी, चुकलंच माझं." म्हाताऱ्यानं मागावरचा धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकला आणि मान हलवली. ती मान माफीची की नुसती मागाच्या हिसक्याची, चंद्रभानला कळलं नाही.

सुभद्रा अंगणात गहू निवडत होती. तो घाईघाईनं सांगू लागला, तार कापून नेली, दोन गावांना एकच दिवा, खाप्याची लाइन मेलेली, कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

"मी रोज सांजच्याले दुकानात जात होती," ती म्हणाली. "दुकानदार रोज सांगे, बाई, लागून नाही राहिला, लाइन खराब दिसते. मी म्हणे, लाइनीले काही नाही झालं. तेच उचलून नसतील राहिले."

"अवं, पण दुकानदार सांगून राहिला होता नं? लाइन तुटली असंन, असं एकदाही नाही वाटलं तुले?"

सुभद्रानं सूप खाली ठेवलं. "काहून वाटन? बाबा फाटकाशी उभे होते, तेव्हा कोणती तार तुटली होती?"

आतून मागाचा आवाज येत होता.

"मी आणिक काही दिवस राहीन इथं," ती म्हणाली. "तुम्ही रोज सांजच्याले फोन लावा. दुकानदार बोलावणं धाडन. यायचं का नाही, ते मी पाहीन."

तो बरं म्हणाला. त्यापेक्षा जास्त काही मागायला त्याला तोंड नव्हतं. तो परत जाताना रुपराव खांबावरून ओरडला, "भाऊ, जोडली लाइन, आता काही फिकर नाही," आणि चंद्रभान त्याच्याकडे न पाहता गाडीच्या रस्त्याला लागला.